फिजिक्सवाल्याला काकीचा प्रश्न: मेल्यार माणूस जाता खंय?

सड्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, तेव्हा शुद्धलेखनावरून झोडू नका.

मूळचा देवगड तालुक्यातला. मुंबईत एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षं स्पेक्ट्रोस्कोपी केली, म्हणजे प्रकाश फोडायचा, त्यातल्या रेघा मोजायच्या नि कुठली रेघ कुठल्या अणूची ते ओळखायचं. यापलीकडे मला फारसं काही येत नाही. रिटायर झाल्यावर बायको म्हणाली ठाणे, मी म्हटलं गाव, शेवटी सहा-सहा महिन्यांचा तह झाला.

यंदा दिवाळीनंतर माझा चुलतभाऊ गेला. माझ्याहून चार वर्षांनी लहान. छोटी होडी होती त्याची, मासेमारी आणि थोडी कलमं. दहाव्याला व्हाळाकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. भटजींना दुसरीकडे जायचं होतं, ते सारखे मोबाईल बघतायत. एकेक जण पुढे होऊन काहीबाही कबूल करतोय, मुलीचं लग्न आम्ही बघू, कलमं विकणार नाही, आईला सांभाळू. कावळा ढिम्म. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यभर पोरांना सांगितलं की एकामागोमाग घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं, तोच मी ओल्या धोतरात पुढे झालो आणि म्हटलं, "होडीचं कर्ज मी बघतो, पोरग्यावर पडू देणार नाही." दोन मिनिटांत कावळा आला!

ते एक असो. संध्याकाळी खळ्यात बसलो होतो. काकी, म्हणजे त्याची आई, ८३ वर्षांची, सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "तू इतको शिकलंस, आकाशातला सगळा तुका कळता. मग माका सांग, मेल्यार माणूस जाता खंय?"

मी घसा खाकरून सुरू केलं. आदल्या रात्री झोप येत नव्हती तेव्हा कागदावर गणितच केलं होतं. माणसाच्या वजनात साधारण १८ टक्के कार्बन. भाऊ साठ किलोचा, म्हणजे अकरा किलो कार्बन, जळल्यावर त्याचा चाळीस किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षा-दोन वर्षांत तो पृथ्वीभर सारखा मिसळला असं धरलं (झाडं नि समुद्र किती ओढून घेतात ते सध्या सोडा) तर तुझ्या-माझ्या प्रत्येक श्वासात त्याचे पन्नास-साठ हजार रेणू येणार. हे सगळं मी शक्य तितक्या मालवणीत सांगितलं. काकीने शांतपणे ऐकलं, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाली, "म्हंजे तुका ठाऊक नाय. मग तसा सांग मरे."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. इतक्या सेमिनारांत बसलो पण असा प्रश्न नि असा शेरा कुणी मारला नाही.

तर विचारायचं हे की नोकरी, मोबाईल, औषधं सोडून विज्ञानाचा असा घरगुती, आतला उपयोग तुम्हाला कधी झालाय का? आणि दुसरं, ते कावळ्यापुढे बोललो ते ढोंग झालं का?

मालवणी_मसाला

आधी जागा धरून ठेवतो. सोलकढी घेऊन बसलोय.

नास्तिक_नाना

सड्यावरचा, भाऊ गेल्याचं वाईट वाटलं. पण विचारलंयत म्हणून स्पष्ट सांगतो, हो, ढोंग झालं. तुमच्यासारख्या माणसाने तिथे मान खाली घातली की गावातल्या पन्नास लोकांना सर्टिफिकेट मिळतं, बघा शास्त्रज्ञसुद्धा मानतो. उद्या तो भटजी हीच गोष्ट दहा ठिकाणी सांगणार, आणि प्रत्येक वेळी तुमचा हुद्दा एक पायरी वर चढणार.

आणि ते पन्नास हजार रेणूंचं पण मला पटलं नाही. रेणूला नाव नसतं. त्याच श्वासात घाटावरच्या साखर कारखान्याच्या धुराड्याचे रेणू पण आहेत की. मग काय कारखाना पण आपल्यात जिवंत आहे म्हणायचं? ही विज्ञानाच्या कपड्यातली देवपूजाच आहे. काकी तुमच्यापेक्षा शास्त्रशुद्ध निघाली.

सड्यावरचा

नाना, शेवटचं वाक्य मान्य. रेणूंचा मुद्दाही मान्य, ते गणित मी काकीसाठी केलं नव्हतं, माझ्यासाठी केलं होतं हे आत्ता तुमचं वाचून लक्षात आलं. ढोंगाबद्दल अजून ठरत नाही.

रापणकर

सड्यावरचे भाऊ, वाईट वाटला वाचून. तुमच्या भावाक मी वळखत पण आसन, पण हय नाव काडूचा नाय.

आता कावळ्याचा सांगतंय. दहाव्याक तिथी खयची व्हती ता आदी सांगा. आमच्या हय रापण, म्हंजे किनाऱ्यावरसून वडूचा मोठा जाळा, ती वडूचो टायम आनि सुकतीचो (ओहोटीचो) टायम येक झालो काय गावात येकव कावळो रवना नाय, सगळे वेळेर (किनाऱ्यार). पेडवे, मोतके असले बारके मासे सांडतत, ता सोडून तुमचो गार भात खायत कोण? आमचे जुने लोक भटजीक सांगीत, भरती बगून टायम काडा. आता भटजी येतत मोटरसायकलीन, तेंका टायम नाय.

बारावी_सायन्स

😂😂 हे खरं आहे का पण? म्हणजे पिंडाला कावळा शिवणं चंद्रावर अवलंबून?

रापणकर

खरा म्हंजे काय, मी बगलेला सांगतंय. तुका भरतीचो टायम काडूक येता काय? तिथीची पाऊणपट कर. चतुर्थी म्हंजे चार, चाराचे पाऊणपट तीन, तीन वाजता भरती भरली. दोपारी पण तीन, रात्री पण तीन, वायच इकडे-तिकडे. तेच्या सा तास मागे-फुडे सुकती.

बारावी_सायन्स

आईशप्पथ हे कुठल्याच पुस्तकात नाहीये. असं का होतं पण?

सड्यावरचा

बारावी, चांगला प्रश्न. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, भरती त्याच्या मागोमाग, म्हणून तीही रोज तेवढी मागे सरकते. अमावास्येला नि पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास भरते. म्हणजे पंधरा तिथींत ती बारा तास सरकायला हवी. बाराला पंधराने भाग, प्रत्येक तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात आणि पक्षाच्या शेवटी पाऊण तासाची चूक साठते. पाऊणपटीऐवजी चार-पंचमांश घेतलं तर हिशेब चोख बसतो. खाडीच्या आत गेलं की अजून उशीर होतो ते वेगळं.

रापणकर

चार-पंचमांश होडयेत उभो रवान कोण करतलो? आमका शाळेत पाऊणकी (पाऊणचो पाढो) पाठ करून घेतलेली, म्हणान पाऊणपट. पाऊण तास चुकलो तर मासे थांबतत.

सड्यावरचा

रापणकर, तुम्ही मला आज एक गोष्ट शिकवलीत. मी समजत होतो की जुन्यांनी अंदाजाने पाऊण घेतलं. पावकी-निमकी-पाऊणकी पाठ असायची म्हणून त्यातला जवळचा आकडा उचलला, हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्हीही हेच करतो हो. जे गणित येतं त्यात निसर्ग बसवायचा, आणि बसला नाही तर किती बसला नाही तेवढं लिहून ठेवायचं. फरक असलाच तर त्या शेवटच्या लिहून ठेवण्यात आहे.

पंचांगकर्ते_शेजारी

बघा म्हणजे पंचांगाशिवाय तुमचं विज्ञान पण चालत नाही. 😊

नास्तिक_नाना

आली गाडी वळणावर. पंचांगातली तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती अंश पुढे गेला त्याचं गणित, बारा अंशाला एक तिथी. ते खगोलशास्त्र आहे, त्याबद्दल कुणाचं भांडण नाही. भांडण त्याच्या पुढच्या पानांशी आहे. नारळीकरांनी चाचणी घेतली होती ना, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, कुठली कुणाची ते सांगा म्हणून. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर चार टक्के जास्त मिळाले असते.

पंचांगकर्ते_शेजारी

चांगले ज्योतिषी त्यात उतरलेच नव्हते.

नास्तिक_नाना

चांगले ज्योतिषी नेहमी शेजारच्या गावात असतात.

हेलियम_दुर्ग

धागा छान चाललाय पण एवढ्या चर्चेत आमच्या विजयदुर्गाचं नाव कसं नाही? धागाकर्ते देवगडचे आणि स्पेक्ट्रोस्कोपीवाले! १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकयर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने आमच्या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, साहेबाचे कट्टे अजून आहेत तिथे. दरवर्षी १८ ऑगस्टला कार्यक्रम होतो. विश्वातलं दोन नंबरचं मूलद्रव्य सापडलं ते कोकणात, याचा अभिमान नको का?

सड्यावरचा

हेलियम_दुर्ग, हा विषय निघणार याची धास्तीच होती. लहानपणी वडिलांनी मला त्या कट्ट्यांवर उभं करून हीच गोष्ट सांगितली होती आणि मी स्पेक्ट्रोस्कोपीकडे वळलो त्यात त्या गोष्टीचा वाटा मोठा आहे. म्हणून जड मनाने लिहितो.

१८६८ च्या ग्रहणात लॉकयर इथे नव्हताच, तो इंग्लंडात होता. ते ग्रहण जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने गुंटूरहून बघितलं. सूर्याच्या कडेच्या ज्वाळा एवढ्या तेजस्वी दिसल्या की ग्रहण नसतानाही वर्णपटमापीतून त्या दिसतील हे त्याच्या लक्षात आलं. लॉकयरने तिकडे इंग्लंडात स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ ला तेच करून दाखवलं, ग्रहणाशिवाय. त्या वर्णपटात पिवळ्या भागात एक रेघ होती, सोडियमच्या दोन रेघांच्या जवळ, पण सोडियमवर बसत नव्हती. सोडियम ५८९ आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.५ ला. एवढ्याशा फटीत एक आख्खं मूलद्रव्य लपलं होतं. पृथ्वीवर ते सापडलं १८९५ मध्ये, रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला, युरेनियमच्या एका खनिजात.

लॉकयर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. कट्टे असलेच तर त्या वेळचे. म्हणजे तो आला तेव्हा हेलियम तीन वर्षं बाटलीत भरलेला होता.

मालवणी_मसाला

अरेरे, आमचो हेलियम पळवलो!! आधी हापूसचं जीआय (भौगोलिक मानांकन), आता हेलियम.

हेलियम_दुर्ग

सर, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे वाचून खरंच वाईट वाटलं. आम्ही शाळेच्या मुलांना दरवर्षी सांगतो. आता काय सांगायचं, की इथे काहीच झालं नाही?

सड्यावरचा

काहीच झालं नाही कसं! मला तर खरी गोष्ट जास्त आवडते. विचार करा, एकसष्ट वर्षांचा माणूस आहे. तीस वर्षांपूर्वी त्याने एका रेघेवरून सांगितलं की सूर्यावर असं काहीतरी आहे जे पृथ्वीवर कुणी बघितलेलं नाही. बरीच वर्षं अनेकांनी ते मनावर घेतलं नाही. मग ते पृथ्वीवर सापडलं, तो बरोबर ठरला. आता घरी बसून सत्कार घेतला असता तरी चाललं असतं. पण तो आरमारी जहाजातून विजयदुर्गला येतो, यंत्रं उतरवतो, जांभ्याच्या त्या किल्ल्यात मांडतो, कशासाठी तर दोन मिनिटांच्या आसपासच्या अंधारासाठी. ढग आला तर सगळं पाण्यात. मुलांना हे सांगा. आणि १८ ऑगस्टचा कार्यक्रम बंद करू नका, हेलियमची गोष्ट त्याच दिवशी सुरू झाली की, फक्त आपल्या अंगणात नाही.

एक गंमत अजून. भरती-ओहोटीच्या ओढाताणीमुळे चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर लांब चाललाय. १९६९ पासून चंद्रावर आरसे ठेवलेत, त्यांच्यावर लेसर मारून हे मोजतात. लांब जाता जाता साठेक कोटी वर्षांनी तो एवढा लहान दिसेल की सूर्य पुरता झाकणारच नाही, खग्रास ग्रहण हा प्रकारच संपेल. म्हणजे रापणकरांची भरती थोडी थोडी करून लॉकयरचं ग्रहण खातेय. आपण मोक्याच्या वेळेला जन्मलोय.

रापणकर

माज्यार केस घालू नका 🙏

क्वांटम_योगी

सरांना नम्र प्रश्न. ऊर्जा निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही हे तुमचंच विज्ञान सांगतं. चैतन्य ही ऊर्जाच आहे. मग आत्मा अमर आहे हे फिजिक्सने सिद्धच केलंय ना? क्वांटम पातळीवर तर सगळं एकच आहे. काकींना हे उत्तर द्यायला हवं होतं, त्यांना शांती मिळाली असती.

सड्यावरचा

योगी, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीही मनापासून लिहितो.

जिवंत माणूस नुसता बसला तरी शंभरेक वॉटची उष्णता टाकत असतो, पूर्वीच्या पिवळ्या बल्बएवढी. भाऊ पहाटे चारला गेला तेव्हा मी हात धरून बसलो होतो. पाच वाजता तो हात कोमट होता. सातला बायका आल्या, तेव्हा गार. ती ऊर्जा गेली कुठे विचाराल तर गोधडीत गेली, खोलीच्या हवेत गेली, थोडी माझ्या तळव्यात आली. हिशेब पुरा जमतो, शिल्लक काही राहत नाही जिला आत्मा म्हणता येईल. ऊर्जा हा आमच्याकडे मोजायचा शब्द आहे, तराजूतल्या वजनासारखा. त्याला धीर देण्याच्या कामाला लावलं की तो मोजायच्या कामाचा राहत नाही.

आत्मा नाही असं मी म्हणत नाहीये, फिजिक्स त्याची साक्ष देत नाही एवढंच. तसं खोटं सर्टिफिकेट काकीला दिलं असतं तर तिने ते पण ओळखलं असतं.

डोंबिवलीचा_चाकरमानी

कुणी देवगडला घरकुलासाठी जांभ्याचे चिरे घेतलेत का एवढ्यात? एका चिऱ्याला काय रेट चालू आहे? धागा चुकला असेल तर सॉरी.

मालवणी_मसाला

धागा चुकला नाही, जांभ्यातलं लोखंड ताऱ्यांच्या स्फोटातून आलंय, आता सर त्यावर लिहितील. दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

सड्यावरचा

मसाला, लिहिणारच होतो. 😄 चिऱ्याचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा, आणि ते लोखंड आपली पृथ्वी होण्याच्या आधी फुटलेल्या ताऱ्यांचं. सह्याद्रीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन पसरला, त्याला पावसाने वर्षानुवर्षं धुतला, विरघळायचं ते विरघळून गेलं नि लोखंड मागे राहिलं, तो जांभा. रेट मात्र माहीत नाही.

आंबेवाली

बरेच दिवस धागा वाचतेय, लिहू की नको करत होते.

धागाकर्त्यांनी विचारलंय विज्ञानाचा आतला उपयोग. माझा सांगते. माझे मिस्टर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. भाताची लावणी होऊन आठ-दहा दिवस झाले होते, ताप आला, अंग दुखतंय म्हणाले, आम्हाला वाटलं भिजल्यामुळे. चौथ्या दिवशी डोळे पिवळे, गाडी करून नेलं, सहाव्या दिवशी गेले. वय एक्केचाळीस. मुलं लहान.

मग गावात सुरू झालं. कुणी म्हणालं देवाचं काहीतरी राहिलंय, कुणी कौल लावून आलं, आणि कौलात असं निघालं की घरातल्याच माणसाने केलंय. घरातलं म्हणजे माझी जाऊ. तिच्या-माझ्यात बांधावरून आधीच धुसफूस होती. मी ते मानलं हो. खोटं कशाला बोलू. वर्षभर मी तिच्या हातचं पाणी प्यायले नाही, मुलांना तिच्या ओटीवर जाऊ दिलं नाही. रात्री झोपताना तिच्या नावाने बोटं मोडायची आणि मग झोप लागायची.

पुढच्या पावसाळ्यात आरोग्य खात्याची एक मुलगी घरोघर फिरत आली, विशी-बाविशीची असेल. गोळ्या वाटत होती. तिने ओटीवर बसून सांगितलं, लेप्टो म्हणजे काय, उंदराच्या मुतातून ते जंतू शेतातल्या पाण्यात येतात, पायाला चीर असली की त्यातून आत शिरतात. मला आठवलं, मिस्टरांच्या टाचेला ही एवढी भेग होती, मीच कोकम तेल लावत होते. मी तिला विचारलं, म्हणजे कुणी केलं नाही? ती म्हणाली, काकू, उंदरांनी केलं.

मी त्या दिवशी रडले तशी ते गेले तेव्हाही रडले नव्हते. दुसऱ्या दिवशी जाऊच्या दारात गेले. काही बोलले नाही, म्हटलं चहा टाक.

मिस्टर कुठे गेले ते त्या मुलीने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण ते कशाने गेले ते कळलं आणि मला माझी जाऊ परत मिळाली. यालाच तुम्ही आतला उपयोग म्हणत असाल तर हा माझा.

बारावी_सायन्स

काय लिहू सुचत नाहीये. 🙏

नास्तिक_नाना

ताई, मी तीस वर्षं चळवळीत आहे, भाषणं करतो. यापुढे भाषणाच्या आधी हे वाचीन.

सड्यावरचा

आंबेवाली, तुमचं दोनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता तुम्ही काही लिहू नका. म्हणून नाही लिहीत.

मालवणी_मसाला

रात्री दोन वाजता खळ्यात बसून डोळे पुसतोय, आणि समोर क्षितिजावर एलईडीवाल्या बोटींची नुसती दिवाळी. काळोख म्हणून राहिला नाही कोकणात.

रापणकर

एलईडी लायटीच्या मासेमारीक २०१७ पासून बंदी हा म्हणतत. बंदी हा आनि लाइट पण हा. काय बोलतलंस. आमच्या रापणीक दोन टोपल्ये गावनत नाय.

सड्यावरचा

मसाला, क्षितिजाकडे बघू नका, डोक्यावर बघा. आत्ता संध्याकाळी आठ-साडेआठला सड्यावर गेलात आणि चंद्र नसला तर देवयानीची दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) नुसत्या डोळ्यांनी दिसते, पुसट कापसाच्या बोळ्यासारखी. परवा पुतण्याला घेऊन गेलो होतो, ज्याचा बाप गेला तो. त्याला सांगितलं हा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, तेव्हा आपल्यासारखा माणूसच नव्हता. मला वाटलं तो म्हणेल बापरे. तो म्हणाला, "म्हणजे बाबा होते तेव्हाचा प्रकाश पण कुठेतरी चाललाय ना अजून?" चाललाय, म्हटलं. खळ्यात बाबा दुपारी जाळं विणायला बसायचे, त्यांच्या अंगावरून परतलेलं ऊन वर गेलंय ते जातंच आहे, इतकं विरळ की कुठल्याही दुर्बिणीला सापडणार नाही. एवढं त्याला सांगितलं, तो शेवटचा भागही वगळला नाही. नाना, हे देवपूजेत धरायचं का तुम्ही ठरवा.

नास्तिक_नाना

यात खोटं काही दिसत नाही, तेव्हा गप्प बसतो.

रापणकर

रेणवांचा नि माणसाचा माका येक सुचला. आमची होडी आज्यान बांधलेली. आता तेतूरली आज्याच्या हाताची येकव फळी रवाक नाय, बापाशीन अर्धी बदलली, मी अर्धी बदललंय. तरी गावात सगळे आज्याचीच होडी म्हणतत. मगे आजो खंय आसा? फळयेत तर नाय.

सड्यावरचा

रापणकर, याच्यावर तत्त्वज्ञानवाले दोन हजार वर्षं भांडतायत. आपलं अंगही तसंच, खातो-पितो तसे अणू बदलत राहतात. आज्या त्या बांधणीत आहे असं मी म्हणेन, पण मग बांधणी मोडली की काय, तिथे मी परत काकीच्या खळ्यात.

डोंबिवलीचा_चाकरमानी

फायबरची घ्या रापणकर, फळ्यांची कटकटच नाही.

रापणकर

मगे आजो खंय बसतलो?

नास्तिक_नाना

मूळ मुद्द्यावर येतो, कारण मीच आरोप केला होता. सड्यावरचा, होडीचं कर्ज फेडताय का?

सड्यावरचा

दोन हप्ते भरले. पुतण्याला कावळ्याचं कारण सांगितलं नाही. तो म्हणाला काका कशाला, मी म्हटलं मला पेन्शन आहे.

नास्तिक_नाना

मग ढोंग शब्द मागे घेतो. ते आधी पण बोलू शकला असतात, एवढं मात्र राहतंच.

सड्यावरचा

हो. ते राहतं. पाऊण तास उभा होतो आणि कावळा येईना तेव्हाच तोंड उघडलं.

तिथी बघितली. दहाव्याला वद्य पंचमी होती. पाऊणपटीने पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमाराला पुरी सुकती. आम्ही साडेनऊला पिंड ठेवला, कावळा आला सव्वादहानंतर. रापणकरांचं गणित बसतंय. पण एकच वेळ आहे, एका वेळेवरून मी विद्यार्थ्याला बसू दिलं नसतं.

काकीकडे काल गेलो होतो. म्हटलं, काकी, तू इचारलंस तेचा उत्तर माका ठाऊक नाय. आमच्यातल्या कोणाकच ठाऊक नाय. ती पेज ढवळत होती. म्हणाली, "बरा झाला. माका वाटला, माका येकटेकच ठाऊक नाय." मग मला पेज वाढली.

रापणकर

धागो वर काडतंय, तीन म्हयने झाले. सड्यावरच्या भावांनी सांगितल्यार वही घातलंय. आतापर्यंत पाच दहावे. तीन सुकतीचे, तिन्ही वेळा कावळो उशिरान. दोन भरतीचे, येकात भटजीन हात जोडूच्या आदीच इलो, दुसऱ्यात येवकच नाय, शेवटाक दर्भाचो कावळो केलो. आता तुम्ही सांगा काय ता.

सड्यावरचा

आभार रापणकर. काही सांगता येत नाही, पाच म्हणजे नमुना फारच लहान. आणि वाढावा असंही वाटत नाही.

नास्तिक_नाना

+१